सोपानची मोजणी

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव सोपान. अंगानं धडधाकट, स्वभावानं गरीब गाय, पण सांगितल्या शब्दाबाहेर पाऊल म्हणून टाकायचा नाही. तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे विचारायचे, "मुलगा काय करतो?" सोपान खरं ते सांगायचा, "बसतो."

त्याची आत्या शेवंताबाई गावात वधूवर सूचक मंडळ चालवायची. गावभरची लग्नं जमवली आणि घरचाच भाचा बिनलग्नाचा, हे तिच्या जिवाला लागलं होतं. तिनं त्याला मंडळात कामाला घेतलं. निदान "मुलगा संगणकावर असतो" असं तरी चारचौघांत म्हणता येईल!

मंडळाच्या ईमेलचे तीन खोके होते. मुलींचा, मुलांचा आणि चौकशीचा. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, की कोणत्या खोक्यात किती नवीन पत्रं आली त्याचे आकडे पुढ्यात हजर.

आत्या म्हणाली, "सोपान, तू नुसतं मोजायचं. उघडायचं काहीएक नाही. उत्तरं मी देईन."

"बरं, आत्या."

सोपाननं आज्ञा टाइप केली. मुली चार, मुलं एकसष्ट, चौकशी दोन. मुलांचा आकडा ऐकून आत्यानं सुस्कारा टाकला आणि पिशवी घेऊन बाजारात गेली.

तेवढ्यात दार वाजलं. सोपाननं खिडकीतून बघितलं. "मुली एक, मुलं शून्य, चौकशी तीन," असं म्हणून तो परत खुर्चीवर जाऊन बसला.

आत्या येते तर पाहुणे उन्हात ताटकळलेले, मुलीच्या तोंडावरची पावडर गळ्यापर्यंत ओघळलेली.

"अरे, दार का नाही उघडलंस?"

"तूच म्हणालीस, उघडायचं नाही. मोजलेत मी सगळे."

"धन्य आहे तुझी! कोणी आलं की आधी उघडावं, पाणी ठेवावं, मग बाकीचं!"

"बरं, आत्या."

दुसऱ्या दिवशी सोपाननं आलेली सगळी पत्रं एकेक करून उघडली. संगणकापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग आज्ञा टाइप केली. मुली शून्य, मुलं शून्य, चौकशी शून्य.

"आत्या, आज कोणीच नाही आलं."

"ऐन लग्नसराईत? पत्रं उघडलीस की काय तू?"

"उघडली. पाणीही ठेवलं. कोणी घोटभर प्यायलं नाही."

"अरे कर्मा! एकदा उघडलं की ते जुनं झालं. जुन्याला ती मोजणी धरत नाही!"

"बरं, आत्या."

पुढे देसावळे आजोबा आले. नातवासाठी दर आठवड्याला खेप घालायचे बिचारे. सोपाननं दार उघडलं, पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाला, "आजोबा, तुम्हाला मागच्या आठवड्यात उघडलंय. आता तुम्ही जुने. धरत नाही."

आजोबा काठी आपटत तरातरा निघून गेले. आत्याचा आवाज चढला. "अरे, त्यांच्या नातवासाठी मी स्थळ शोधतेय! चांगलं स्थळ आलं की आपल्याकडे दाबून ठेवायचं नसतं. कोणाला जास्त जुळतंय ते बघायचं आणि तिकडे पाठवून द्यायचं. हाच आपला धंदा!"

"बरं, आत्या."

अखेर सोपानचं नशीब उघडलं. शेजारच्या गावची नंदा, गुरांच्या दवाखान्यात कामाला असलेली, आईवडिलांना घेऊन त्याला बघायला आली. आत्यानं त्याला नवा सदरा घातला आणि पोहे करायला आत पळाली.

"तुम्ही काय करता?" नंदानं विचारलं.

"सांगितलेलं करतो."

नंदा खुदकन हसली. "असे पुरुष कुठं मिळतात!"

सोपानचे कान लाल झाले. त्यानं विचारलं, "तुम्हाला कसा मुलगा हवा?"

"माणूस सरळ हवा. घरी गोठा असला तर दुधात साखर."

सोपान उठला, संगणकापुढे जाऊन बसला आणि मुलांची पत्रं चाळू लागला.

आत्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तर खुर्च्या रिकाम्या.

"मुलगी कुठंय?"

"पाठवली. टाकळीच्या शेलारांकडे. बारा म्हशी आहेत त्यांच्या. आईवडिलांनाही रिक्षात बसवून दिलं. ते म्हणत होते, स्थळ इथलंच ना? म्हटलं, इथं नुसती मोजणी होते."

आत्यानं बशा टेबलावर आदळल्या. "तुला आवडली नाही का रे?"

"फार आवडली. इतकी गुणी मुलगी आजवर आली नव्हती, आत्या."

"मग?"

"म्हणून तर! दाबून कशी ठेवायची?"

"आणि मेल्या, तुझं काय?"

"मी आहे की इथंच," सोपान पोह्यांची बशी पुढे ओढत म्हणाला, "मलाही कोणीतरी पाठवेलच."