ताम्हणातली अंगठी

इनामदारांच्या घरात दाजीकाकांचा शब्द शेवटचा असे. लग्नानंतर हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायचा खेळ मांडला, तेव्हा त्यांनी नव्या सुनेला, उल्काला, अडवलं.

"हात भिजवून कुणीही शोधेल. ताम्हण न हलवता, कोरड्या हातानं अंगठी काढलीस तर शाळेतली नोकरी चालू ठेव. नाहीतर उद्यापासून घर सांभाळ."

पाणी जेमतेम अंगठी बुडेल इतकंच होतं. उल्कानं औक्षणाचं पेटतं निरांजन ताम्हणाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर काचेचा उंच पेला पालथा घातला. ज्योत मंदावली, विझली, आणि पिवळं पाणी सरसर पेल्यात चढलं. कडेला अंगठी उघडी पडली. तिनं ती अलगद उचलून बोटात घातली.

"हे चेटूक आहे," दाजीकाका गुरगुरले.

"चेटूक कसलं, काका? ज्योत विझल्यावर आतली तापलेली हवा गार होऊन आकसते, मग बाहेरची हवा पाण्याला आत रेटते. माझ्या चौथीच्या मुलांना हे येतं."

सासूबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"सोमवारी मी शाळेत असेनच," उल्का म्हणाली. "तुम्हीही या. पहिल्या बाकावर तुमची जागा धरून ठेवते."