मेण चोळलेला दोर

नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची बाई दोर वळण्याचा कारखाना चालवत होती. नवरा वारल्यावर त्याचा भार तिच्या अंगावर पडला. हाताखाली सहा माणसं, सगळी वयाने तिच्याहून मोठी. ती आपल्याला जुमानणार नाहीत, ही भीती तिला रोज सकाळी वाटायची.

शेजारी धर्माजीशेटची चुन्याची भट्टी होती. धर्माजी नुसता खाकरला तरी त्याची माणसं उभी राहायची. तो म्हणाला, "बाई, मऊ बोलाल तर डोक्यावर बसतील. दरारा हवा, दरारा!"

सगुणाला ते पटलं. खरं तर तिचा आवाज असा, की गोठ्यातली गायसुद्धा तिसऱ्या हाकेला मान वळवायची. तरी तिने धर्माजीसारखी काठी आणली. डोळे वटारायला शिकली. सर्वांत जुन्या कारागिराला ती हैबतीकाका म्हणायची, त्याला आता "ए हैबती" म्हणू लागली. एकाने आपण होऊन चूक सांगितली, तर सगळ्यांसमोर त्याला घरी हाकललं. त्या दिवसापासून कोणी चूक सांगेना. कारखाना चिडीचूप झाला. सगुणाला वाटलं, जमलं आपल्याला!

पुढे गावच्या विहिरीचा गाळ काढायचं ठरलं. त्यासाठी तिच्याच कारखान्यातला नवा दोर एका सकाळी गेला. तो दाराबाहेर पडल्यावर सगुणा सहज म्हणाली, "आज माझा भाऊ, सर्जादादा, उतरणार त्या दोरावर."

कोणी बोललं नाही. वळणारे हात मात्र थांबले. हैबतीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"काय झालं? बोला!" सगुणाने काठी आपटली. सगळे आणखीच गप्प. कालपर्यंत हीच शांतता तिला गोड लागत होती, आता त्याच शांततेची तिला भीती वाटू लागली. काठी हातातून गळाली. तिचा खरा आवाज कापत बाहेर आला, "हैबतीकाका, मला भीती वाटतेय हो. दोरात काही आहे का?"

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, पेडांचे मधले सगळे सांधे एकाच जागी आलेत, तिथे दोर कच्चा आहे. माझ्याच हातून. दिसू नये म्हणून वर मेण चोळलं."

सगुणा अनवाणीच धावत सुटली. वाटभर तिला दोर तुटल्याचा आवाज ऐकू येत होता.

ती पोचली तेव्हा सर्जा चाळीस हात खाली लोंबकळत होता. कप्पीखाली हातभरावर मेणाचा पट्टा चकाकत होता आणि तिथला पीळ उसवत चालला होता. ती ओरडली असती तर दोर धरणारे दचकले असते. तिने किंकाळी घशातच दाबली आणि हळू म्हणाली, "दोर धरणाऱ्यांनो, हलू नका. ओढू नका, सोडू नका. बाकीच्यांनी बादलीचा जुना दोर खाली द्या आणि घट्ट धरा." मग काठावर पालथी पडून म्हणाली, "दादा, तो कमरेला बांध. घाई करू नकोस."

सर्जाने गाठ मारली न मारली, तोच नवा दोर ताडकन तुटला. जुन्याला हिसका बसला, पण तो टिकला. सर्जा वर आला तेव्हा सगुणाने त्याचा हात घट्ट धरला.

मागोमाग हैबती धापा टाकत आला होता. "आधीच सांगितलं असतं बाई, पण तुमची भीती वाटली."

"मला तुम्हा सगळ्यांची वाटत होती, काका."

त्या दिवशी काठी चुलीत गेली. सगुणाने स्वतःची रीत घातली. आपल्या दोरात खोट दिसली, की तिथे लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधणाऱ्याला बोल नाही. दोर उकलून सगळ्यांनी मिळून पुन्हा वळायचा. लपवलेली खोट सापडली, तर मात्र त्या माणसाने महिनाभर दोराला हात लावायचा नाही, नुसता दोराचा कच्चा वाख झोडपून तंतू मोकळे करायचे. पहिला महिना हैबतीनेच वाख झोडपला. सगुणा हे सगळं मऊ आवाजातच सांगायची, आणि एकदाही मोडू द्यायची नाही.

धर्माजी हसला. "बाई, दरारा गेला की तुमचा!"

"गेला," सगुणा म्हणाली, "आणि दादा राहिला."

तात्पर्य: मालकाने दुसऱ्याचा दरारा उसना आणू नये. आपल्या स्वभावाला साजेल अशी रीत घडवावी, आणि ती अशी असावी, की हाताखालच्या माणसाला चूक लपवण्यापेक्षा सांगणं सोपं वाटेल.