कोरडा शंकू

“दोघांचीही शिडं उभी होती, काका. वारा बाबलच्या डाव्या अंगाला, माझ्या उजव्या. मग वाट कोणी द्यायची?”

“बाबलनं,” धाकू तांडेल म्हणाला.

विश्रामचा जीव भांड्यात पडला. टकरीत बाबल बुडाला त्याला दहा दिवस झाले होते. उद्या बंदरावर चौकशी. चूक बाबलची, असं विश्राम लिहून देणार होता. फक्त एकदा गुरूच्या तोंडून ऐकायचं होतं. आता जो चुकलाच नाही तो विचारायला कशाला येईल? चोराच्या मनात चांदणं.

“आणि तुझं इंजिन?”

शीड वर असलं तरी इंजिन लावलं की ती शिडाची होडी उरत नाही. मग वारा कुठूनही येवो, वाट तिनंच द्यायची. आणि इंजिन चालू आहे हे दुसऱ्याला दिसावं म्हणून काळा शंकू टांगायचा, टोक खाली. बाबल आणि विश्राम, दोघांनाही हे म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. विश्रामचा कापडी शंकूही त्यानंच शिवून दिला होता.

“शंकू आण.”

विश्राम होडीत जाऊन घेऊन आला. धाकूनं त्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

“शिवून सात वर्षं झाली. याला मीठ नाही लागलं रे.”

विश्रामनं मान खाली घातली. ओहोटी लागली होती, घाई होती, असं काहीबाही सांगत राहिला. माझ्यासमोर बाबल वळेलच असं वाटलं, म्हणाला. मग आवाज उतरला.

“इंजिन चालू होतं हे कुणाला माहीत आहे, काका?”

“बाबलला. कान तिखट त्याचा. डोळे मिटून सांगायचा, कुणाचं इंजिन येतंय ते.”

इतक्या दिवसांत म्हातारा कुणासमोर रडला नव्हता. आता रडला, आणि डोळेही पुसले नाहीत.

विश्रामनं विचारलं, “ऐकलं होतं, तर मग तो वळला का नाही?”

धाकूनं शंकू त्याच्या हातात ठेवला.

“तुलाही मीच शिकवलंय, हे त्याला ठाऊक होतं.”