शेजारचे पुस्तक

एकदा एक संशोधक विद्यार्थिनी एकाच विवंचनेने तीन रात्री जागी होती. बारवांवरच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरच्या, प्रबंधाचे शेवटचे प्रकरण महिनाअखेर द्यायचे होते, साथीमुळे विद्यापीठाचे ग्रंथालय वाचकांना बंद होते, आणि घरात चार वर्षांची मुलगी. बाहेरचे पुस्तक घरात आणावे तर आजाराची भीती. न आणावे तर पाच वर्षांचे श्रम वाया. त्यातही भीती खरी की आळसाचे निमित्त, हे तिला धड ठरवता येईना.

शेवटी तिने फोन करून बारवांच्या मोजमापांचे पुस्तक मागवले. ती घ्यायला गेली तेव्हा ग्रंथालयाच्या फाटकापाशी टेबल मांडलेले होते. वृद्ध ग्रंथपालांनी कागदात बांधलेला गठ्ठा त्यावर ठेवला आणि ते चार पावले मागे सरले.

घरी येऊन पाहते तो आत दोन पुस्तके! दुसरे पाथरवटांच्या हत्यारांवरचे, पातळ, नावही न ऐकलेले. "झालं! एकाची धास्ती कमी पडत होती," असे पुटपुटत तिने दोन्ही गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवली. मुलगी रोज दारातून विचारी, "आई, पुस्तकं बरी झाली का?"

पाचव्या दिवशी तिने ते आगंतुक पुस्तक सहज उघडले, आणि मिटवेना. पायऱ्यांची लांबीरुंदी तिच्यापाशी होती. त्या घडवणारे हात नव्हते. ते इथे होते. अडलेले प्रकरण आठ दिवसांत पुरे झाले.

पुस्तके परत करताना तिने लांबूनच विचारले, "सर, हे मी मागितलं नव्हतं. चुकून आलं ना?"

"चुकून कसं येईल, बाई? प्रत्येक गठ्ठ्यात एक घालतो." ग्रंथपाल मास्कआडून हसले. "तुम्ही लोक एक पुस्तक शोधायला येता आणि त्याच्या शेजारचंही घेऊन जाता. चाळीस वर्षं पाहतोय. मागितलेलं पुस्तक मी देईन, पण कपाटापुढे उभं राहणं कुठून देऊ? म्हणून शेजारचं सोबत पाठवतो. दार आजारासाठी बंद केलंय. शेजार कशाला बंद करायचा?"

तिने हात जोडले.

घरी आल्यावर तिने मुलीला सारे सांगितले; जरा जास्तच समजावून सांगितले. मुलीचे लक्ष मात्र समोरच्या घराच्या बंद दाराकडे होते. त्या घरातल्या निमिषशी ती तीन महिने खेळली नव्हती.

"मग माझं हत्तीचं पुस्तक त्याच्या दारात ठेवूया? त्यानं मागितलं नाहीये," ती म्हणाली. आणि मग, "पण परत हवंय हं."