करंजोळीचं डाळिंब

एका गावात तुळाजी नावाचा माळी राहत होता. ते गाव त्याचं नव्हतं. त्याचं करंजोळी गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि तिथली माणसं चार दिशांना पांगली होती. येताना तुळाजीने एकच गोष्ट बरोबर आणली होती: करंजोळीच्या विहिरीजवळ जे डाळिंब होतं, त्याचं एक रोप.

ते त्याने मातीच्या उथळ परातीत लावलं. अधूनमधून मुळं छाटायची, तारेने फांद्या वळवायच्या, शोभेपुरती एक-दोनच फळं ठेवायची. असं करत तीस वर्षांत हातभर उंचीचं झाड तयार झालं. लोक त्याला बोन्साय म्हणत. तुळाजी त्याला 'करंजोळी' म्हणे. उजवीकडची फांदी त्याने जुन्या झाडासारखीच विहिरीवर ओणवल्यासारखी वळवली होती. लालभडक फुलं आली की तो परातीसमोर बसून राही आणि त्याला रहाटाची कुरकुर ऐकू येई.

दर आषाढात साळू येई. ती करंजोळीची माहेरवाशीण. माहेर बुडालं तेव्हा ती सासरी होती; तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

"तुळादादा, एक गुटी बांधून दे की. दारात लावीन."

गुटी बांधायची म्हणजे फांदीची साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळं फुटली की ती फांदी कापून घ्यायची. त्या झाडाला तेवढी जून फांदी एकच होती, उजवीकडची.

"आकार बिघडेल गं. पुढच्या वर्षी बघू."

साळू झाडावरून हात फिरवी आणि निघून जाई.

एका वर्षी तालुक्याला झाडांचं मोठं प्रदर्शन ठरलं. जो तो म्हणे, पहिला नंबर तुळाजीचाच. नेमकी तेव्हाच साळू आली, काठी टेकत.

"दादा, पुढच्या वर्षी माझ्याने एवढं चालवणार नाही."

"प्रदर्शन होऊ दे, मग बघू."

साळूने मान डोलावली. झाडावरून हात फिरवला आणि गेली.

तुळाजीने प्रदर्शनासाठी झाड छाटायला कात्री उचलली. त्याला करंजोळीतला शेवटचा पावसाळा आठवला. विहिरीजवळचं ते डाळिंब साळूच्या आईचं, बयाकाकूचं. गुटीसाठी तो भीतभीत एक काटकुळी फांदी निवडत होता. काकू ओट्यावरून ओरडली होती, "अरे, ती मरतुकडी काय बांधतोस? ही घे, कळ्यांनी लगडलेली!"

"काकू, शेवटची फळं तुम्हाला मिळायची नाहीत."

"नाही मिळाली तर नाही. झाड तर जगेल!"

तुळाजीला स्वतःची लाज वाटली. त्याने उजव्या फांदीची तार सोडली आणि तिलाच गुटी बांधली. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटली. फांदी कापून तो स्वतः साळूच्या दारी गेला आणि खड्डा खणून लावून आला.

प्रदर्शनात परीक्षक त्याच्या झाडापाशी थांबले. "एका अंगाने उघडं पडलंय," एवढं म्हणून पुढे गेले. तुळाजी परात मांडीवर घेऊन एसटीने घरी परतला.

वर्षं गेली. साळूही गेली. एका उन्हाळ्यात तुळाजी साळूच्या गावच्या वाटेने चालला होता. साळूच्या दारात डाळिंब चांगलं डेरेदार झालं होतं. घरातली तरुण सून फळं तोडत होती. तिने त्याला ओळखलं नाही.

"बसा बाबा सावलीला. हे आमच्या करंजोळीचं डाळिंब."

"तू पाहिलीस करंजोळी?"

"नाही बाई. मी जन्मायच्या आधीच बुडाली ती. पण सासूबाई सांगायच्या, देवळाच्या पायऱ्या, पाराजवळचा ओढा, सगळं. गावात सात घरी याच्या गुट्या दिल्यात आम्ही."

तिने एक फळ फोडून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. परातीतलं फळ तुळाजीने एवढ्या वर्षांत कधी चाखलंच नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. त्याने चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले.

"आंबट आहे का, बाबा?"

"नाही पोरी," तुळाजी म्हणाला, "अगदी तस्संच आहे."

तात्पर्य: एकट्याने जपलेली आठवण आपल्याबरोबरच संपते; वाटलेली आठवण, ज्यांनी ते दिवस पाहिलेच नाहीत त्यांच्याही दारी फळते.