धारपांच्या फळीवरची डबी

त्या राज्यात भांडी नांदत होती, आणि तिथे लाज होती ती एकाच गोष्टीची: रिकामं परत येण्याची. एका घरून भांडं भरून गेलं की दुसऱ्या घराने त्यात काहीतरी घालूनच ते परत धाडायचं, अशी रीत होती. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असे. ते नाव भांड्याचं नसे, त्याच्या घराचं असे. वाट चुकलेल्याला कुणीही पालथं करून बघावं आणि घरची दिशा दाखवावी, एवढी सोय सगळ्यांना पुरत होती.

धारपांच्या फळीवर एक पितळी डबी होती. तिचं झाकण इतकं घट्ट बसायचं की लावताना टप् असा आवाज व्हायचा आणि शेजारच्या वाट्या दचकायच्या. झाकणांवर मात्र नाव घालत नसत. झाकण जाणार कुठे, असा समज होता. एके सकाळी फळीवरच्या वडीलधाऱ्या परातीने डबीत तिळाची चटणी भरली आणि तिला नदीपलीकडच्या ओगराळ्याकडे पाठवलं. झाकण नुकतंच घासून उन्हात वाळत पडलं होतं, म्हणून वर फडकं बांधलं. संध्याकाळपर्यंत तर यायचं होतं.

ओगराळं एकटं राहायचं आणि त्या दिवशी त्याच्या घरात दाणा नव्हता. तसं सांगून डबी मोकळी पाठवायची तर मान खाली गेली असती. चार दिवस थांब, कारळे येतील, असं ते म्हणालं. कारळे आले चार महिन्यांनी. ओगराळ्याने चटणी कुटली, डबी भरली आणि तिला निरोप देताना ते दारातच थबकलं. चार महिन्यांनी पाठवायची ती नुसती कारळ्याची चटणी? त्यापेक्षा बहिणीच्या गावी मेथी छान होते, तिकडून जाऊ दे.

बहिणीने चटणी ठेवून घेतली, मेथीची पूड भरली, आणि तिलाही तोच प्रश्न पडला. वर्ष उलटलं, आता मेथी काय द्यायची? पुढच्या गावी सुंठ मिळते. सुंठवाल्यांना वाटलं, हिंग शोभेल. उशीर जितका वाढत गेला तितकी परतीची वस्तू भारी लागायला लागली, आणि भारी वस्तू मिळवायची तर आणखी उशीर.

खोटं कशाला बोला, डबीला मजाही येत होती. तिने मिठागरं पाहिली. एका घाटात गडगडली आणि काठाला पोचा पाडून घेतला. एका गावात सगळी मातीची मडकी होती. ती एकमेकांशी फार जपून बोलायची, आणि तिथे राहून डबीही हळू बोलायला शिकली. जिथे जाईल तिथे तिचा मान होता. पाहुण्या भांड्याला घरच्यापेक्षा दुप्पट घासायचं, हाही रीतीचाच भाग. चिंच लावून, राख लावून प्रत्येक घराने तिला लख्ख केलं, आणि प्रत्येक घराने तिचं नाव थोडं थोडं पुसलं. आधी 'प' गेला, मग 'र', मग 'ध'. शेवटी उरला एक काना. काना काय, कुणाच्याही नावात असतो.

एकदा ती नदीपर्यंत आलीही होती. पलीकडे धारपांचं कौलारू घर दिसत होतं, धूर निघत होता. तिच्यात तेव्हा बडीशेप होती. इतक्या वर्षांनी बडीशेप घेऊन जायचं, परात काय म्हणेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती आपणहूनच मागे वळली. या खेपेला तिला कुणी पाठवलं नव्हतं.

शेवटच्या गावी एका पंचपाळ्याच्या कुटुंबाने तिला जागा दिली. माणुसकीची भांडी होती ती. आता इथलीच हो, म्हणाली, आमचं नाव घालून घे. डबी थकली होती. ती कबूल झाली आणि छिन्नीपुढे पालथी पडली. छिन्नी कामात चोख होती.

"नवं नाव नीट बसायला हवं," ती म्हणाली. "हा काना आधी पुसून टाकू ना?"

डबीला रडूच फुटलं. "राहू दे तो," एवढं बोलून ती उठली आणि निघाली. आपल्यात काही भरून घ्यायचं राहिलं, हे वेशीबाहेर तिच्या ध्यानात आलं. पण ती थांबली नाही.

गावांची नावं तिला आठवत नव्हती, वास आठवत होते. हिंगाच्या गावाहून सुंठेच्या, सुंठेच्या गावाहून मेथीच्या, अशी ती उलटी चालत आली. ओगराळं अजून होतं. "अगं, तू पोचलीच नाहीस?" ते म्हणालं, आणि घरात काही सापडतं का बघायला आत वळलं. तोवर डबीने नदी ओलांडली होती.

धारपांच्या फळीवर नव्या वाट्या आल्या होत्या. त्यांनी तिला पालथं केलं, नाव शोधलं, आणि एकमेकींकडे पाहिलं. परातीचे काठ झिजले होते, नजर अधू झाली होती.

"काय आणलंस?" तिने विचारलं.

"काही नाही," डबी म्हणाली.

वाट्या जरा मागे सरकल्या. परातीने रीतीप्रमाणे वाकून आत पाहिलं आणि ती तशीच वाकून राहिली.

"हे कारळे कुणाकडचे गं?"

"ओगराळ्याकडचे."

"आणि ही मेथी?"

डबी सांगायला लागली. मेथीनंतर सुंठ निघाली, मग हिंग, मग मडक्यांच्या गावचा मातकट वास. वाट्या सरकत सरकत जवळ आल्या आणि आत डोकावून एकेक वास विचारू लागल्या. दुपार टळून गेली.

कोपऱ्यातल्या पातेल्यावर एक झाकण होतं. इतकी वर्षं ते तिथे नुसतं ठेवल्यासारखं पडून असायचं आणि जरा वाफ आली की खडखडायचं. ते खाली उतरलं आणि वाट्यांमधून वाट काढत आलं.

"पुरे आता," ते म्हणालं. "वास उडून जाईल."

ते तिच्यावर बसलं. काठाला पोचा होता, म्हणून किंचित वाकडं बसलं. तरी टप् असा आवाज झाला, आणि वाट्या दचकल्या.