चार वेळा नको

“मग मी चुकलो कुठे, ते तरी सांगा.”

उन्मेषनं हे तिसऱ्यांदा विचारलं. निरंजनबुवा मठाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी आणखी एक शेंग उचलली.

मी ओट्यावर पळसाच्या पत्रावळी लावत होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी दुपार मठातच जाते. लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायची मला वाईट खोड आहे, आणि आता या वयात ती जाणार नाही.

उन्मेष आमच्याच गावचा. लहानपणी चार उन्हाळे बुवांकडे संस्कृत शिकायला यायचा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला तेव्हाही माहीत होतं. गेली बावीस वर्षं तो अमेरिकेत पूल बांधतो.

यंदा तो आईसाठी आला होता. मथुराकाकू महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड जुळत आलं, पण यापुढे त्यांनी एकटं राहू नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पंधरा दिवसांत उन्मेषला काहीतरी मार्ग काढायचा होता. आज पंधरावा दिवस. संध्याकाळी सहाला त्याला विमानतळावर न्यायला गाडी येणार होती, आणि मार्ग निघाला नव्हता.

त्यानं आपल्या परीनं प्रयत्न केले होते. माझ्याबरोबर तिकडे चल, म्हणाला. नाहीतर शहरातला एक चांगला वृद्धाश्रम बघून आलोय. तेही नको असेल तर घरात कायमची एक बाई ठेवू. अगदीच काही नाही, तर मीच सहा महिने इथे राहून काम करतो.

काकू चारही वेळा ‘नको’ म्हणाल्या होत्या. माझं चाललंय, तू तुझं काम बघ, म्हणाल्या होत्या.

“मी तिच्यावर काही लादलं नाही, बुवा,” उन्मेष म्हणाला. “इथे जो तो दुसऱ्याचं आयुष्य ठरवत बसतो. तिकडे तसं नाही. माणूस जे सांगतो ते खरं धरतात. मग तो ऐंशी वर्षांचा असो, नाहीतर सहा वर्षांचा.”

“सहा वर्षांचाही?”

“माझ्या मुलीला आम्ही बोलता यायला लागल्यापासून विचारत आलो, तुला काय हवंय. तिनं सांगितलं की ऐकायचं.”

“चांगलं आहे,” बुवा म्हणाले.

ते मनापासून म्हणाले. बुवांनी कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

एवढ्यात सरजाबाई सोललेल्या दाण्यांनी भरलेलं सूप न्यायला बाहेर आली. मठाचा स्वयंपाक तीच करते. बुवांनी तिच्याकडे बोट केलं.

“ही तेरा वर्षांची होती तेव्हा लग्नाला नको म्हणाली. रडून रडून म्हणाली. कुणी ऐकलं नाही... तुझ्या तिकडे असती, तर सुटली असती.”

सरजाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली.

उन्मेषचा चेहरा खुलला. गुरूच आपल्या बाजूनं बोलल्यावर शिष्याला आणखी काय हवं? तो मोकळा होऊन सांगू लागला. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबानं त्याला घरी जेवायला बोलावलं होतं. साहेबाच्या बायकोनं भांडं पुढे केलं, तर आपल्या रीतीप्रमाणे हा नको म्हणाला. बाई बरं म्हणाल्या आणि भांडं घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेल्या. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. हा तसाच उपाशी परतला.

मला हसू आवरेना. बुवाही हसले.

“त्या दिवशी शिकलो,” उन्मेष म्हणाला. “हवं असेल तर हवं म्हणावं. आणि आपला भार कुणावर टाकू नये. आताही बघा, पंधरा दिवसांत मी आईला जराही त्रास होऊ दिलेला नाही. बाहेरून डबा लावलाय. चहा माझा मी करतो, ताट माझं मी धुतो. तिला गॅसपाशी फिरकू देत नाही.”

“मग ती काय करते दिवसभर?”

“बसते.”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“बसते...” ते म्हणाले, आणि पुन्हा सोलू लागले.

जेवायची वेळ झाली. बुवा दिवसातून एकदाच, दुपारी जेवतात. मठात पहिलं वाढायचं ते आलेल्या पाहुण्यानं, मग बाकीच्यांनी त्याला वाढायचं, अशी जुनी पद्धत आहे. मी पत्रावळी मांडल्या. उन्मेषनं हात धुतले आणि भाकरीची दुरडी घेऊन बुवांपुढे वाकला.

बुवांनी पानावर हात आडवा धरला.

“नको.”

उन्मेष थबकला. “बरं वाटत नाही का?”

“बरं आहे.”

“नक्की नको?”

“नक्की.”

“बरं,” उन्मेष म्हणाला, आणि माझ्याकडे वळून त्यानं माझ्या पानात दोन भाकरी वाढल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर बुवांचं पान रिकामं, आणि माझ्या पानात दोन भाकरी. मी बोलायला तोंड उघडलं, तर बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. उन्मेष दुरडी खाली ठेवून वाट पाहत उभा राहिला. आपण काही चुकीचं केलंय याची त्याला दाद नव्हती.



सरजाबाई आमटीचं पातेलं घेऊन आली. तिनं रिकामं पान पाहिलं. पातेलं टेकवून दुरडीतली भाकरी उचलली. बुवांचा हात पुन्हा आडवा झाला.

“नको.”

“हात काढा. भाकर निवायलीय,” ती म्हणाली.

बुवांनी हात काढला. तिनं भाकरी वाढली, वर आमटी ओतली, आणि बुवा मुकाट्यानं जेवू लागले. मीही घास घेतला तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

बुवांची भाकरी संपत आल्यावर सरजाबाईनं आणखी एक भाकरी आणली.

“नको,” बुवा म्हणाले. तसाच हात, तसाच आवाज.

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी परत दुरडीत ठेवली.

उन्मेष हे सगळं उभ्यानं बघत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“तुला कसं कळलं?” त्यानं सरजाबाईला विचारलं.

“त्यात काय कळायचं? सकाळधरनं त्यांच्या पोटात काही न्हाई, हे मला ठावं हाय. अन् आता पोट भरलंय, ते बी दिसतंय की.”

उन्मेष रागावला. मला तो राग आवडला, कारण तो खरा होता.

“म्हणजे माणसाच्या शब्दाला काही किंमतच नाही,” तो बुवांना म्हणाला. “मग हिच्या लग्नात आणि यात फरक काय? तिथेही घरच्यांना वाटलंच असेल ना, की हिच्या मनातलं आपल्याला कळतंय. ही नको म्हणतेय, पण हिचं भलं आम्हाला ठाऊक आहे. सगळा जुलूम इथूनच तर सुरू होतो.”

बुवांचा हात पानावर थांबला. या प्रश्नाला ते काय उत्तर देतात, म्हणून मीही जेवायचं थांबलो. मी चाळीस वर्षं शिकवलं, पण असा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला खाली बसवलं असतं.



“मला न्हाई विचारलं, तरी सांगते,” सरजाबाई म्हणाली. ती पातेल्यावर झाकण ठेवत होती. “त्यांनी माझ्याकडं बघितलंच नव्हतं.”

आणि ती आत निघून गेली.

उन्मेष हळूच खाली बसला. त्याच्या तोंडावरचा राग गेला होता, आणि त्याच्या जागी काय आलं ते बघून मला त्याची दया आली. बावीस वर्षांपूर्वी इथून निघालेला मुलगा मला पहिल्यांदा ओळखू आला.

“तू आईला विचारलंस,” बुवा म्हणाले, “तेव्हा कुठे बघत होतास?”

“फोनमध्ये,” तो म्हणाला. “चारही गोष्टी लिहून नेल्या होत्या. एकही राहू नये म्हणून. ती नको म्हणाली की खूण करत होतो.”

“हं.”

“ती सारखी पदराशी चाळा करत होती, बुवा. ते दिसलं मला. पण ती नको म्हणाली ना... आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटलं.”

तो रडू लागला. बुवांनी त्याला रडू दिलं. मी पानातल्या भाकरीकडे बघत बसलो.

सरजाबाईनं आतून आवाज ऐकला असावा. ती आली, तिनं उन्मेषपुढे पत्रावळ मांडली आणि दुरडी जवळ ओढली.

बुवांनी हात लांब केला आणि ती पत्रावळ उलटी केली.

सरजाबाई बघतच राहिली. मीसुद्धा. या मठातून कुणी न जेवता गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. एकदा गावातल्या पाटलांशी बुवांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही जेवून गेले होते.

“मी जेवू नको?” उन्मेषनं विचारलं.

“इथे नको.”

उन्मेषनं डोळे पुसले. मग त्यानं घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते.

“जातो. घरी जाऊन तिला पुन्हा विचारतो. नीट समोर बसून विचारतो.” तो उठला, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. “पण ती पुन्हा नकोच म्हणेल, बुवा. मी ओळखतो तिला.”

“विचारूच नकोस.”

“मग करू काय? सहाला गाडी येणार आहे.”

बुवांनी तांब्या कलंडून हात धुतला. पंच्याला पुसला.

“घरी जा,” ते म्हणाले. “आणि तिला सांग, आई, मला भूक लागलीय.”